सूर्य पश्चिमेला उगवला तर...

परवा कपाट आवरताना 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची जुनी कॅसेट सापडली. दादाची. मी ढापू नये म्हणून त्याने त्यावर बॉलपेनने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय! ती पाहिली आणि 'ईगल्स'ची सगळी गोष्ट आठवली.

१९८० च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात, लाँग बीचच्या कार्यक्रमात ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर गाता गाता स्टेजवरच एकमेकांना दम देत होते. एवढी गाणी संपू दे, मग बघतो तुला, असं! बँड फुटला. पुन्हा एकत्र कधी येणार, यावर डॉन हेन्लीचं उत्तर ठरलेलं: नरक गोठेल तेव्हा. आपण म्हणतो ना, सूर्य पश्चिमेला उगवला तर, तसंच. १९९४ साली ते परत आले, तेव्हा अल्बमला नावही तेच दिलं. पण त्यात नवी गाणी चारच.

अख्खा नवा अल्बम यायला २००७ चा ऑक्टोबर उजाडला. 'द लाँग रन' (१९७९) नंतर २८ वर्षांनी 'लाँग रोड आउट ऑफ ईडन'. अमेरिकेत दुकानांपैकी तो फक्त वॉलमार्टकडे होता. एकाच दुकानात मिळणारे अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत धरत नसत. ऐनवेळी नियम बदलला आणि हे साठीचे बाप्ये थेट पहिल्या नंबरवर! पहिल्याच आठवड्यात ७ लाखांवर प्रती खपल्या.

गंमत म्हणजे, त्यातलं गाजलेलं 'हाउ लाँग' हे गाणं जे. डी. साउदरच्या १९७२ च्या अल्बममधलं. सुरुवातीच्या काळात ईगल्स ते कार्यक्रमांत गात, पण रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं होतं. परतताना माणूस बहुतेक जुनंच काहीतरी हातात घेऊन येतो.

त्या अल्बमवर फेल्डर मात्र नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची मूळ सुरावट त्याची, पण २००१ मध्ये त्याला काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०१६ मध्ये फ्राय वारला. कधीतरी दोघं जेवायला बसू आणि सगळं सोडून देऊ अशी आशा होती, असं फेल्डर नंतर म्हणाला.

वाटण्या झाल्यापासून दादा आणि मी बोलत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहेच. वहिनी, तुम्ही हे वाचता, म्हणून विचारतो. कॅसेट माझ्याकडे आहे म्हणून सांगाल त्याला? रविवारी आणून देईन म्हणतो. जेवायलाच येतो.