किंडर स्काउट : एका डोंगरवाटेचा इतिहास

डोंगर कोणाचा, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. परंतु इंग्लंडमधील एका उजाड डोंगरावर या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पाच तरुणांना तुरुंगाची वाट धरावी लागली आणि त्यानंतर पुरी अडुसष्ट वर्षे लोटल्यावर त्या देशाच्या संसदेने त्याचे उत्तर कायद्यात लिहिले. त्या डोंगराची ही हकीकत आहे.

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध किंडर स्काउट उभा आहे. त्याची उंची अवघी ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. त्याला नजरेत भरावे असे शिखर नाही. वर पोहोचल्यावर लागते ते मैलोगणिक पसरलेले एक काळपट, ओले पठार. त्यावर झाड नाही, घर नाही. हेदर नावाची जांभळ्या फुलांची खुरटी झुडपे, पांढरे कापूस-गवत आणि मध्येच वाऱ्यापावसाने चित्रविचित्र आकार दिलेले खडक, एवढीच त्याची संपत्ती. अशा भूमीला इंग्रज लोक ‘मूर’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मँचेस्टरजवळच्या एका धर्मग्रामात उन्हाळ्यात काही दिवस राहण्याचा योग आला होता. तेथील धर्मगुरूंनी एक दिवस सकाळी बूट आणि रेनकोट हाती देऊन मला हेफील्ड गावी नेले. गावाच्या टोकाला बाउडन ब्रिज येथे एक जुनी दगडखाण आहे. तिच्या कातळावर एक ताम्रवर्णी फलक बसविलेला दिसला. “येथून सुरुवात झाली,” ते म्हणाले आणि आम्ही चढ चढू लागलो.

गायरान गेले, कुंपण आले

फलकाचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मध्ययुगात हा परिसर राजाच्या शिकारीच्या राखीव रानाचा भाग होता. तरीही डोंगरालगतच्या गावांचे त्यावर परंपरागत हक्क होते. गुरे-मेंढ्या चारणे, चुलीसाठी पीट खणून आणणे, डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाणे, हे सारे लोक पिढ्यान्पिढ्या करीत आले होते. आपल्याकडील गायरानाशी त्याची तुलना करता येईल. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या संसदेने एकामागून एक कुंपण-कायदे संमत केले आणि अशा सामायिक जमिनी मोजून, वाटून खाजगी मालकीच्या केल्या. वाटणीत सिंहाचा वाटा अर्थातच मोठ्या जमीनदारांच्या पदरात पडला.

पुढे या उजाड भूमीला एक नवे मोल आले. हेदरच्या कोवळ्या शेंड्यांवर जगणारा, तित्तिरासारखा ग्राउस नावाचा पक्षी येथे वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झटपट भरता येणाऱ्या बंदुका निघाल्या, रेल्वे आली आणि ग्राउसची शिकार हा श्रीमंतांचा मानाचा खेळ होऊन बसला. दर वर्षी १२ ऑगस्टला हंगाम सुरू होई. वर्षातील थोड्या दिवसांच्या या खेळासाठी उरलेले सारे महिने डोंगरावर रखवालदार नेमले जात आणि वाटांच्या तोंडाशी ‘अतिक्रमण करणाऱ्यांवर खटला भरण्यात येईल’ अशा पाट्या ठोकल्या जात. वास्तविक परक्याच्या जमिनीवरून नुसते चालणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा नव्हता. मालकाला फार तर दिवाणी दावा लावता आला असता. पण पाटीवरचा मजकूर खरा की खोटा हे तपासायला गिरणीकामगार थोडाच वकिलाकडे जाणार होता!

डोंगराच्या पायथ्याशी त्याच सुमारास दुसरेच जग उभे राहत होते. मँचेस्टर ही कापसाची राजधानी बनली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या कापसाने या गिरण्यांची चाके बऱ्याच अंशी फिरती ठेवली, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या गिरण्यांतील माणसे आठवडाभर धूर, धूळ आणि यंत्रांचा गोंगाट सोसत. रविवारी स्वस्त तिकीट काढून आगगाडीने तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी यावे आणि मोकळी हवा छातीत भरून घ्यावी, एवढीच त्यांची चैन. डोंगर डोळ्यांसमोर होता. वर जायला मात्र मनाई होती.

लोक स्वस्थ बसले होते असे नाही. हेफील्ड येथे १८७६ सालीच जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली होती. दीर्घ प्रयत्नांनंतर १८९७ मध्ये विल्यम क्लफ या घळीतून जाणारी एक वाट सर्वांसाठी अधिकृतपणे खुली झाली. आम्ही त्याच घळीतून चढत होतो. उजव्या हाताला खाली १९११ मध्ये पूर्ण झालेला किंडर जलाशय चकाकत होता आणि ओढ्याच्या पात्रातील दगडांवरून वाट वर सरकत होती. मात्र १८९७ च्या विजयाला एक मर्यादा होती. वाट खुली झाली, डोंगर नव्हे. वाटेवरून एक पाऊल बाजूला पडले की रखवालदार काठी घेऊन हजर.

२४ एप्रिल १९३२

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर जागतिक मंदी आली. गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो तरुण बेकार झाले. गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये मुद्दाम लँकेशायरमधील डार्वन येथे जाऊन या बेकार गिरणीकामगारांना भेटले होते. त्यानंतर सातच महिन्यांनी किंडर स्काउटवर ही घटना घडली.

तिचा सूत्रधार होता बेनी रॉथमन. मँचेस्टरच्या एका गरीब ज्यू कुटुंबातील हा विशीचा तरुण मोटार दुरुस्तीचे काम जाणणारा होता. कामगारांच्या ज्या क्रीडा संघटनेत तो काम करी, तिच्यावर साम्यवाद्यांचा प्रभाव होता. आपल्या काही सोबत्यांना रखवालदारांनी डोंगरावरून पिटाळून लावले, तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. चार-पाच जणांना हुसकावता येते. चारशे-पाचशे जण एकदम गेले तर?

२४ एप्रिल १९३२ हा रविवार होता. पोलीस स्टेशनवर आपली वाट पाहत असतील हे ओळखून रॉथमन सायकलवरून हेफील्डला गेला. बाउडन ब्रिजच्या खाणीत जमलेल्या सुमारे चारशे तरुण-तरुणींसमोर एका उंच दगडावर उभे राहून त्याने भाषण केले आणि सारा जथा गाणी म्हणत विल्यम क्लफच्या दिशेने निघाला. घळीत काही अंतर गेल्यावर इशारा होताच ते वाट सोडून उजव्या हाताच्या उतारावर चढू लागले. वर काठ्या घेतलेले रखवालदार उभे होते. झटापट झाली आणि तीत एक रखवालदार जखमी झाला. उरलेले पुढे गेले, पलीकडच्या ईडेल बाजूने आलेल्या छोट्या तुकडीला भेटले आणि ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने उजळ माथ्याने परतले.

एकूण सहा जणांना अटक झाली. जुलै महिन्यात डर्बीच्या न्यायालयात खटला चालला. ज्युरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता. आरोप अतिक्रमणाचा नव्हताच, कारण तो गुन्हाच नव्हता. आरोप होता दंगलीचा व मारहाणीचा. एक जण सुटला. उरलेल्या पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदभ्रमण करणाऱ्यांच्या मान्यवर संघटनांना हा उपद्व्याप मुळीच आवडला नव्हता. वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून आपण जे थोडेफार मिळवत आणले, ते या उतावळ्या पोरांनी धुळीला मिळवले, असे त्यांना वाटले. पुढे कायदा घडवून आणण्यात याच संस्थांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता, हेही खरे. परंतु एक गोष्ट त्या नेत्यांच्या ध्यानात आली नव्हती. मोकळ्या डोंगरावर चालले म्हणून तरुणांना तुरुंग भोगावा लागला, असेच सामान्य जनतेच्या मनावर ठसले आणि जो विषय काही हौशी मंडळींचा होता, तो न्यायाचा विषय बनला. शिक्षा देणाऱ्यांनीच त्या रविवारला अमर केले.

फळ मात्र सावकाश पिकले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्ये ‘पीक डिस्ट्रिक्ट’ हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले आणि किंडर स्काउट त्याचा भाग झाला. ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत जाणारा सुमारे ४३० किलोमीटरचा ‘पेनाइन वे’ हा पायमार्ग १९६५ मध्ये खुला झाला, तोही २४ एप्रिललाच. १९८२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने किंडरची जमीन विकत घेतली. अखेर २००० सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील नोंदलेल्या डोंगराळ व मोकळ्या भूमीवर वाट सोडून हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

एप्रिल २००२ मध्ये सत्तराव्या स्मृतिदिनी बाउडन ब्रिजला मेळावा भरला. त्यात डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या काळी घडलेल्या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ते शब्द ऐकायला रॉथमन मात्र नव्हता. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याचे निधन झाले होते.

डोंगराची जखम

वर पोहोचल्यावर आम्हाला ढगांनी घेरले. पश्चिमेच्या कड्यावरून किंडरची नदी सुमारे तीस मीटर खाली कोसळते. वारा समोरून आला की तेच पाणी तुषार होऊन उलटे वर उडते आणि चालणाऱ्यांना भिजवून सोडते. तेथे उभे असताना पायाखालच्या मातीकडे लक्ष गेले. ती माती नव्हेच, ती पीट. ओल्या, थंड जागी वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि थरावर थर साठत जातात. एक मीटर थर साठायला हजारभर वर्षे लागतात. हा थर बांधणारे मुख्य गवंडी म्हणजे स्फॅग्नम नावाचे शेवाळ. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते स्पंजासारखे धरून ठेवते.

हेच शेवाळ येथून जवळजवळ नाहीसे झाले होते. मँचेस्टर आणि आसपासच्या धुराड्यांतून दीडशे वर्षे निघालेला धूर आम्ल होऊन पावसाबरोबर या पठारावर पडत राहिला. त्यात भर पडली बेसुमार मेंढ्यांची आणि वणव्यांची. शेवाळ मेले, पीट उघडी पडली, पावसाने तिच्यात माणूसभर खोल घळी पाडल्या. आणि मुक्तपणे चालायला आलेल्या हजारो पावलांनीही आपला वाटा उचललाच. पेनाइन वेची मूळ वाट पठारावरून जाई. चालणाऱ्यांनी ती इतकी तुडवली की पुढे ती दुसरीकडे वळवावी लागली.

कुंपण घालणाऱ्या मालकाने डोंगर राखला नव्हता. त्याने राखले ते शिकारीचे पक्षी. डोंगर खुला झाला म्हणून तो आपोआप राखला गेला असेही नाही. नॅशनल ट्रस्टने मेंढ्यांना आवर घातला. २००३ पासून अनेक संस्थांनी मिळून उघड्या पीटवर चुना आणि गवताचे बी टाकले, घळींना छोटे बांध घातले, स्फॅग्नमची रोपे हातांनी लावली. त्यात स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्यांमध्ये डोंगरात हिंडणारे पुष्कळ होते. आज घळींत पाणी थांबते आहे आणि काळ्या पठारावर हिरवा रंग परतू लागला आहे.

उतरताना आम्ही वायव्येकडच्या वाटेने निघालो. दलदलीवर रुंद, गुळगुळीत फरशा अंथरल्या होत्या. पीट तुडवली जाऊ नये म्हणून. एका फरशीला ओळीने भोके होती. मी थांबून विचारले तेव्हा समजले की, या मार्गावरील अशा पुष्कळ फरशा पाडलेल्या कापड गिरण्यांतून आणल्या आहेत. ज्या दगडावर उभे राहून कुणीतरी दिवसाचे दहा-दहा तास यंत्र चालवले असेल, त्याच दगडावर आता त्याच्या नातवंडांची पावले पडत होती.

समोरून एक आजी, मुलगी आणि दोन लहान मुले येत होती. वाट अरुंद म्हणून आम्ही बाजूला झालो. पाय ओल्या पिटीत रुतला. धर्मगुरू हसून म्हणाले, “लवकर फरशीवर या. आता येथे रखवालदार आपणच.”