कासऱ्यापासून स्टिअरिंगपर्यंत

आपल्याकडील मोटारवाहतुकीचा इतिहास रस्ते, कारखाने आणि कायदे यांच्या अंगाने लिहिला जातो. ट्रक चालवायला माणूस शिकला कोठे, आणि पहिली गाडी त्याच्या हाती कोणी सोपवली, हा प्रश्न त्यात येत नाही. दलितांच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न मुळाशी आहे. कारण गाडी कोणी हाकायची आणि तीत कोणी बसायचे, हे या समाजात जातीने ठरवलेले होते.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत याचे दोन पुरावे नोंदवून ठेवले आहेत. 1901 च्या सुमारास मसूर स्टेशनावर उतरलेल्या महार मुलांना कोणी गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे, या अटीवर. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्याने नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा मिळवला आणि कधी टांगा न हाकलेला माणूस पुढे बसला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्याला हाकता येत होते त्याने जातीसाठी हात आखडला, आणि ज्याला कोणी शिकवलेच नव्हते त्याला कासरा धरावा लागला. न शिकवण्याची किंमत नेहमी न शिकवलेलाच मोजतो.

मोटार आली तेव्हा कासऱ्याच्या जागी परवाना आला. 1914 आणि 1939 च्या कायद्यांनी परवाना सक्तीचा केला. शिकण्याची सोय मात्र कोणी केली नाही. ट्रकचालकांची शाळा भरली ती क्लीनरच्या जागेवर. पोराने पहाटे गाडी धुवायची, ताडपत्री ओढून रस्सी आवळायची, स्टेपनी बदलायची, घाटात चाकामागे दगड लावायचा, मागे घेताना ओरडून इशारा द्यायचा, उस्तादाचा डबाही घासायचा. वर्ष-दोन वर्षांनी उस्तादाची मर्जी झाली, तर गोदामाच्या आवारात रिकामी गाडी पुढेमागे करायला मिळे. पुढे मोकळ्या रस्त्यावर, उस्ताद शेजारी बसलेला असताना, स्टिअरिंग. हे शिक्षण फुकट नव्हते. त्याची फी श्रमाने भरली जात होती; फक्त तिची पावती कोणी देत नव्हते.

आणि काम येऊनही पहिली नोकरी मिळत नाही. लाखोंचा माल आणि गाडी अनोळखी पोराच्या हाती मालक देत नाही. चालक आजारी पडावा किंवा मालकाने दुसरी गाडी घ्यावी, आणि उस्तादाने शब्द टाकावा, तेव्हा दार उघडते. म्हणजे खरा परवाना ओळखीचा. ही ओळख गावातून, नात्यागोत्यातून येते, आणि आपल्याकडे नातेगोते जातीच्या वेशीपाशी थांबते. 1948 साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. सार्वजनिक सेवा म्हणून तेथे पुढे राखीव जागा आल्या. खाजगी ट्रकच्या केबिनमध्ये असा कोणताही नियम शिरला नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास ठरवले, पण 5 कामगारांच्या आतला धंदा त्यातून सुटला. एका गाडीच्या मालकाकडे राबणारा क्लीनर कायद्याबाहेरच राहिला.

1988 च्या कायद्याने ड्रायव्हिंग स्कूलांना मान्यतेची चौकट दिली. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी स्कूलचे प्रमाणपत्र जोडावे लागू लागले. पुढे आठवी पासची अटही आली. शाळेने ज्याला आधीच बाहेर टाकले, त्याच्याकडेच कागद मागितला गेला. ही अट 2019 मध्ये रद्द झाली. स्कूलची फी मात्र उरली.

प्रशिक्षण नको, असे येथे म्हणायचे नाही. अर्धवट शिकलेला चालक स्वतःही मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो. मागणी एवढीच, की क्लीनरच्या जागेवर घालवलेली वर्षे शिक्षण म्हणून नोंदली जावीत, त्या वर्षांचे वेतन मिळावे, आणि परीक्षा हाताच्या कौशल्याची व्हावी. उस्तादाच्या मर्जीवर मिळणारी विद्या ही कृपा असते. आपल्याला कृपा नको, हक्क हवा.