भाजलेल्या रुग्णाची किडनी बंद पडते तेव्हा

कुणी मोठ्या प्रमाणात भाजले की घरच्यांची नजर कातडीवर असते, आयसीयूतल्या डॉक्टरांची मात्र लघवीच्या पिशवीवर. गंभीर भाजलेल्यांत किडनी, म्हणजे आपल्या घरांतला गुर्दा, निकामी झाली तर जीव वाचणे फार अवघड होते.

पहिला धोका सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत असतो. रक्तातले पाणी झिरपून अंगाला सूज येते आणि किडनीला रक्त कमी पडते. म्हणून सलाईन. डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलचे सूत्र असे: ४ मिलि × वजन × भाजल्याची टक्केवारी. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला तर २४ तासांत ९,६०० मिलि, त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. गाडी शोधण्यात तीन तास गेले तर उरले पाचच! पुढे ताशी लघवी पाहून (या माणसाला साधारण ३० मिलि हवी) सलाईन कमी-जास्त करतात. अति झाले तर पोटात दाब वाढून किडनीच दबते. त्यामुळे ‘अजून एक बाटली लावा’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

विजेच्या शॉकने वरची जखम लहान दिसली तरी आत स्नायू जळतात, त्यातला मायोग्लोबिन किडनीत अडकतो. लघवी चहासारखी काळपट दिसली की लगेच सांगा.

दुसरा धोका नंतरचा, जंतुसंसर्गाचा. जळालेली कातडी लवकर काढणे, अँटिबायोटिकचा डोस किडनी पाहून ठरवणे आणि गरज पडल्यास डायलिसिस, असे उपचार असतात. रक्तदाब खाली असलेल्याला नेहमीचे चार तासांचे डायलिसिस सोसत नाही. त्याचे रक्त दिवसरात्र हळूहळू गाळतात. अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या लष्करी बर्न सेंटरने २००९ मध्ये याचे आकडे दिले: २८ दिवसांतले मृत्यू ३८ टक्के, आधीच्या तशाच रुग्णांत ७१ टक्के. रुग्ण थोडे होते, तेव्हा हा शेवटचा शब्द नाही. ही सोय सगळीकडे नसते आणि खर्चही मोठा, म्हणून रुग्ण हलवायचा असेल तर आधी फोनवर विचारून घ्यावे.

डायलिसिस लागले म्हणजे ते जन्मभराचे, असा समज आहे. वाचलेल्या बहुतेकांची किडनी पुन्हा काम करू लागते. मात्र घरी आल्यावरही क्रिएटिनिन तपासत राहावे आणि मेडिकलमधून पेनकिलर स्वतःहून आणू नयेत.