कोआटीची गोष्ट (बेटर कॉल सॉल)

कोआटीची गोष्ट हे 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील एक दीर्घ कथन आहे. मालिकेच्या चौथ्या पर्वातील 'पिन्याटा' या सहाव्या भागात, गुस्ताव्हो ऊर्फ गस फ्रिंग हा खलनायक आपला वैरी हेक्टर सॅलामांका याच्या रुग्णशय्येपाशी बसून ते ऐकवतो. हा भाग १० सप्टेंबर २०१८ रोजी एएमसी वाहिनीवरून प्रथम प्रसारित झाला. त्याचे लेखन जेनिफर हचिसन यांनी, तर दिग्दर्शन अँड्र्यू स्टँटन यांनी केले. गसची भूमिका जियानकार्लो एस्पोसिटो यांनी आणि हेक्टरची भूमिका मार्क मार्गोलिस यांनी केली आहे.

या कथनाला मालिकेत स्वतंत्र नाव नाही. त्यात येणाऱ्या कोआटी या प्राण्यावरून ते ओळखले जाते. बालपणीची एक आठवण एवढेच त्याचे बाह्य स्वरूप आहे. त्यात शिवी नाही, धमकी नाही आणि सूड हा शब्दही नाही. तरीही संयम आणि सूड यांचे नाते दाखविणारा, या मालिकेतील अत्यंत थरकाप उडविणारा प्रसंग म्हणून त्याकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

व्हिन्स गिलिगन यांनी निर्माण केलेली 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत प्रसारित झाली. गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी तिच्याच विश्वात रचलेली 'बेटर कॉल सॉल' ही मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत आली. तिचे कथानक मुख्यतः पहिल्या मालिकेच्या आधीच्या वर्षांत घडते. दोन्ही मालिका अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहराभोवती फिरतात. भारतात त्या नेटफ्लिक्सवरून मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचल्या.

गस फ्रिंग हा मूळचा चिलीचा. अल्बुकर्कीत तो 'लोस पोयोस एर्मानोस' या उपाहारगृहांचा सभ्य, नीटनेटका आणि दानशूर मालक म्हणून वावरतो. प्रत्यक्षात तो अमली पदार्थांचा मोठा व्यापारी आहे. हेक्टर सॅलामांका हा त्याच मेक्सिकन टोळीतील जुना, तापट आणि क्रूर सरदार आहे.

दोघांच्या वैराचे मूळ 'ब्रेकिंग बॅड'च्या चौथ्या पर्वातील 'एर्मानोस' या भागात उलगडते. टोळीप्रमुख डॉन एलादिओ याच्या मेक्सिकोतील घरी, जलतरण तलावाच्या काठी, हेक्टर गसचा जिवलग सहकारी मॅक्स याला गसच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो. गसला जमिनीवर दाबून धरले जाते आणि मित्राचे रक्त तलावाच्या पाण्यात उतरताना पाहणे त्याला भाग पडते. पुढे अनेक वर्षे तो याच लोकांसोबत व्यापार करतो आणि त्यांच्याशी अदबीने बोलतो. मनात धरलेले वैर अशा रीतीने जपण्याला मराठीत 'डूख धरणे' म्हणतात.

'बेटर कॉल सॉल'च्या तिसऱ्या पर्वात माइक एर्मनट्राउट हा माजी पोलीस हेक्टरला ठार मारू पाहतो, पण गस त्याला अडवतो. डोक्यात घातलेली गोळी ही हेक्टरच्या बाबतीत फारच दयेची शिक्षा ठरेल, असे कारण तो सुचवितो. त्या पर्वाच्या अखेरीस, नाचो व्हार्गाने हृदयविकाराच्या औषधाची अदलाबदल केल्यामुळे, हेक्टर कोसळतो. त्या वेळी त्याच्या छातीवर दाब देऊन त्याचा प्राण वाचविणारा माणूस गसच असतो. चौथ्या पर्वात हेक्टर बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे आणि गसने त्याच्यासाठी एका नामवंत रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टर आणलेली आहे.

कथनाचा आशय

रात्रीच्या वेळी गस एकटाच हेक्टरच्या खाटेजवळ बसतो आणि शांतपणे बोलू लागतो. लहानपणी त्याच्या घरी अत्यंत दारिद्र्य होते. त्याला लुकुमाचे एक झाड ठाऊक होते. त्या झाडाला फळ येत नव्हते आणि ते येईल अशी आशाही कोणाला नव्हती. त्याने मात्र त्या झाडाची निगा राखली. कालांतराने ते फुलले आणि फळांनी लगडले. त्याने फळे खाल्ली आणि उरलेली विकली. आपल्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या या गोष्टीचा त्याला अभिमान वाटू लागला.

एके दिवशी त्याला फळे अर्धवट खाऊन नासलेली आढळली. हे कृत्य एका कोआटीचे होते. मुलाने फास लावला आणि तो दबा धरून बसला. कोआटी फासात अडकला, पण धडपडताना त्याचा पाय मोडला. मुलगा त्याला धरू पाहत असताना तो निसटला आणि घराखाली जाऊन दडला. भुकेमुळे त्याला केव्हातरी बाहेर यावेच लागेल हे ओळखून मुलगा तेथेच थांबला. तासामागून तास गेले. अखेर प्राणी बाहेर आला आणि मुलाने त्याला पकडले.

या ठिकाणी गस सांगतो की, त्या प्राण्याला मारून टाकणे ही कदाचित दया ठरली असती. आपण मात्र त्याला मारले नाही. त्याला ठेवून घेतले आणि तो पुढे बराच काळ जगला. एवढे सांगून, हेक्टर शुद्धीवर येईल असा आपल्याला विश्वास वाटतो, असे तो म्हणतो. गोष्ट तेथेच संपते. त्या प्राण्याचे पुढे काय केले हे तो सांगत नाही.

कथनप्रकार

संस्कृत नाट्यपरंपरेत 'स्वगत' म्हणजे रंगमंचावरील इतर पात्रांना ऐकू जात नाही असे मानलेले भाषण. कोआटीची गोष्ट या काटेकोर अर्थाने स्वगत नाही, कारण ती एका व्यक्तीला उद्देशून सांगितलेली आहे. मात्र ती ऐकणारा बेशुद्ध आहे. त्याला काही ऐकू जाते की नाही हे सांगणाऱ्यालाही निश्चित ठाऊक नाही. त्यामुळे हे कथन स्वगत आणि संवाद यांच्या सीमेवर राहते. गस एरवी मनातले कोणाजवळही बोलत नाही. ज्याच्याजवळ तो मन उघड करतो तो त्याचा वैरीच आहे आणि तोही उत्तर देण्यास असमर्थ आहे.

गसच्या बालपणाविषयी दोन्ही मालिकांत फारच थोडी माहिती मिळते. त्यामुळेही या कथनाला महत्त्व आहे. त्याच्या क्रौर्याचे कारण मॅक्सच्या हत्येत आहे, असा 'ब्रेकिंग बॅड' पाहणाऱ्याचा समज होऊ शकतो. ही आठवण मात्र त्या हत्येच्या पुष्कळ आधीची आहे. हत्येने गसला सूडाचे कारण पुरविले, परंतु सूड घेण्याची पद्धत त्याच्याजवळ लहानपणापासूनच होती, असे या गोष्टीतून सूचित होते.

अर्थ

गोष्टीत संयमाची दोन रूपे लागोपाठ येतात. पहिल्या भागात संयम झाड वाढवितो. फळाची आशा नसताना रोज निगा राखणे हा गुण कोणत्याही शालेय बोधकथेत शोभावा असा आहे. दुसऱ्या भागात तोच मुलगा, त्याच चिकाटीने, जखमी प्राण्याची वाट पाहत बसतो. गुण बदलत नाही, फक्त तो ज्यासाठी वापरला जातो ते बदलते. बोधकथा ऐकत असल्याच्या समजुतीत श्रोता निम्मी वाट चालून येतो आणि मग त्याला आपण कोठे येऊन पोहोचलो याची जाणीव होते. कथनातील भीतीचा उगम प्रामुख्याने या रचनेत आहे.

दुसरा मुद्दा दयेचा आहे. सूडकथांत सामान्यतः वैऱ्याचा मृत्यू हे अंतिम उद्दिष्ट असते आणि संयम म्हणजे त्या क्षणाची प्रतीक्षा. येथे मृत्यू ही सुटका मानली आहे आणि ती नाकारणे हाच सूड आहे. प्राणी हाती लागल्यावर प्रतीक्षा संपत नाही. खरी शिक्षा त्यानंतर सुरू होते. म्हणूनच हेक्टर बरा व्हावा ही गसची इच्छा ढोंग नाही, ती मनापासूनची आहे. डॉक्टर आणणे, खर्च करणे, भेटीस येणे या सर्व कृती बाहेरून शुश्रूषेच्या दिसतात. लुकुमाच्या झाडाला मिळालेली निगा आणि हेक्टरला मिळणारी निगा यांत बाह्यतः फरक दिसत नाही.

तिसरा मुद्दा प्रमाणाचा आहे. कोआटीने भुकेपोटी फळे खाल्ली. मुलाचे नुकसान झाले हे खरे, परंतु त्याने दिलेल्या शिक्षेचे त्या नुकसानीशी काहीही प्रमाण नाही. मॅक्सची हत्या हा मात्र खरोखरच घोर अपराध आहे. अपराध लहान असो वा मोठा, गसची शिक्षा एकच ठरते. त्याच्या सूडाला न्याय म्हणता येईल का, हा प्रश्न त्यामुळे प्रेक्षकापुढे उभा राहतो. मालिका त्याचे थेट उत्तर देत नाही.

अभिनय आणि सादरीकरण

एस्पोसिटो यांनी हे कथन खालच्या आवाजात, संथ लयीत सादर केले आहे. आवाज कोठेही चढत नाही. झाडाचे वर्णन आणि प्राण्याच्या मोडलेल्या पायाचे वर्णन जवळजवळ एकाच स्वरात येते. लहानपणाचे प्रसंग पूर्वदृश्यांच्या रूपात दाखविलेले नाहीत. प्रेक्षकासमोर केवळ बोलणारा चेहरा आणि निश्चल पडलेला देह आहे, बाकी सर्व त्याने कल्पनेने पाहायचे आहे. दिग्दर्शक स्टँटन हे 'फाइंडिंग नीमो' आणि 'वॉल-ई' या सचेतपटांसाठी प्रसिद्ध आहेत. या पर्वातील भूमिकेसाठी एस्पोसिटो यांना २०१९ मध्ये प्राइमटाइम एमी पुरस्कारांत नाट्यमालिकेतील सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले होते. 'ब्रेकिंग बॅड'मधील याच भूमिकेसाठी त्यांना २०१२ मध्येही नामांकन मिळाले होते.

भागातील इतर कथानकाशी संबंध

पिन्याटा म्हणजे मिठाई भरून टांगलेली कागदी आकृती. मेक्सिकोत सणासमारंभांत डोळे बांधलेली मुले ती काठीने फोडतात. उंच टांगलेली वस्तू फोडून आतील खाऊ मिळविण्याची कल्पना दहीहंडीची आठवण करून देणारी आहे. या भागात मालिकेचा नायक जिमी मॅकगिल, आपल्याला पूर्वी लुटणाऱ्या तीन तरुणांना फसवून आणवितो. पिन्याटांनी भरलेल्या जागेत त्यांना उलटे टांगून, शेजारच्या पिन्याटा फोडवून, तो त्यांच्या मनात दहशत बसवितो आणि पुन्हा वाटेला न जाण्याची कबुली घेतो.

एकाच भागात सूडाची ही दोन रूपे समोरासमोर ठेवलेली आहेत. जिमीला तरुणांनी यापुढे दूर राहावे एवढेच हवे आहे, त्यामुळे भीती बसताच त्याचे काम संपते. गसला हेक्टर दूर जायला नको आहे.

लुकुमा आणि कोआटी

लुकुमा हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या खोऱ्यांतील फळवृक्ष असून तो प्रामुख्याने पेरू, एक्वादोर आणि चिली या देशांत आढळतो. चिकू, मोह आणि बकुळ ज्या मधूक कुलात मोडतात त्याच कुलातील हा वृक्ष आहे. फळाचा गर पिवळसर नारिंगी, कोरडा, पिठूळ आणि गोड असतो. पेरूमध्ये त्याची भुकटी आइस्क्रीम व मिठाईत वापरतात.

कोआटी हा रॅकूनच्या कुलातील सस्तन प्राणी आहे. लांब लवचीक नाक आणि पट्टेदार लांब शेपूट ही त्याची ओळख आहे. तो फळे, कीटक आणि लहान प्राणी खातो. माद्या व पिल्ले टोळीने राहतात, तर प्रौढ नर बहुधा एकटा असतो.

पुढील घटना

चौथ्या पर्वाच्या सातव्या भागात गोष्टीतील सूचना प्रत्यक्षात उतरते. उपचारांनी हेक्टर शुद्धीवर आलेला असतो, पण त्याचे शरीर जवळजवळ निकामी असते. डॉक्टरांनी केलेल्या चित्रीकरणात हेक्टर मुद्दाम पाण्याचा पेला पाडतो आणि ते पुसण्यासाठी वाकलेल्या परिचारिकेला न्याहाळतो, हे गसच्या ध्यानात येते. हेक्टरची बुद्धी आणि वृत्ती शाबूत आहे याची खात्री पटताच गस पुढील उपचार थांबवितो. जागे मन निश्चल देहात कोंडले जाते. प्राणी आता पूर्णपणे ताब्यात आलेला असतो.

कथाकाळानुसार यानंतर येणाऱ्या 'ब्रेकिंग बॅड'मध्ये गस वेळोवेळी वृद्धाश्रमात हेक्टरला भेटतो आणि त्याच्या कुळातील एकेकाच्या मृत्यूची वार्ता त्याला ऐकवितो. डॉन एलादिओ आणि त्याचे सरदार यांनाही तो विषारी मद्य पाजून संपवितो. आपल्याकडे पाहण्यास तो हेक्टरला बजावतो, पण हेक्टर मान वर करीत नाही. नजर न देणे एवढाच प्रतिकार त्याच्या हाती उरलेला असतो.

९ ऑक्टोबर २०११ रोजी प्रसारित झालेल्या 'फेस ऑफ' या भागात या वैराचा शेवट होतो. हेक्टर पोलिसांना माहिती देत आहे असा समज झाल्याने गस त्याला विषाचे इंजेक्शन देण्यासाठी स्वतः वृद्धाश्रमात जातो. इतकी वर्षे नाकारलेला मृत्यू देण्यास तो प्रथमच निघालेला असतो. त्या वेळी हेक्टर अखेर त्याच्याकडे पाहतो आणि चाकांच्या खुर्चीवरील घंटी पुन्हा पुन्हा वाजवू लागतो. वॉल्टर व्हाइटच्या मदतीने त्या खुर्चीला बाँब जोडलेला असतो. स्फोटात दोघेही मरतात.

'पिन्याटा' हा भाग 'फेस ऑफ'नंतर जवळजवळ सात वर्षांनी प्रसारित झाला. त्यामुळे 'ब्रेकिंग बॅड' पाहिलेल्या प्रेक्षकाला कोआटीची गोष्ट ऐकतानाच तिचा शेवट ठाऊक असतो. गस जो भाग सांगत नाही तो प्रेक्षकाने आधीच पाहिलेला असतो. बराच काळ जिवंत ठेवलेला तो प्राणीच शेवटी त्याच्या मृत्यूस कारण ठरतो.