औषधानं गुण आला की काळानं?

संशोधनाचा विषय निवडताय? मग हा छोटा इतिहास वाचाच.

१९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर या मुलांचा मंत्रचळ (ओसीडी) किंवा टिक्स अचानक उफाळायचे. या आजाराला ‘पँडास’ म्हणतात. कल्पना अशी, की जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून मेंदूवरच उलटते. मग तिला आवरलं तर मंत्रचळ ओसरेल का?

१९९९ च्या चाचणीत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या मुलांची लक्षणं महिन्याभरात सरासरी ४५ टक्के घटली. नकली औषधवाल्यांची फक्त ३ टक्के. वाटलं, उत्तर सापडलं! पण २०१६ मध्ये ३५ मुलांवर तीच उपचारपद्धती पुन्हा तपासली, तेव्हा दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

आज पालक आयब्युप्रोफेन, ओमेगा-३, ड जीवनसत्त्व यांबद्दल विचारतात. आयब्युप्रोफेनसारख्या दाहशामकांचा पुरावा बराचसा रुग्णांच्या जुन्या नोंदींतून आलाय. पूरक गोळ्यांचा तर त्याहून तोकडा. त्यात हा आजार आपोआप चढतो-उतरतो. गोळी सुरू होते ती सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे पुढे उतार बहुधा येणारच. ‘गोळीनं गुण आला’ म्हणणारी आई खोटं बोलत नाही. पण गोळी न घेतलेलं तसंच मूल तिच्यासमोर नसतं.

ते मूल शोधणं, हेच आपलं काम. तोवर दाहशामकं डॉक्टरांना विचारूनच. पोट आणि मूत्रपिंडाला त्यांचा त्रास होऊ शकतो.