अवचितगड कागदावर

१/ धाटावपासून जवळच, कुंडलिकेच्या खोऱ्यात अवचितगड उभा आहे. उंची सुमारे ३०५ मीटर. पटावरील युद्धखेळासाठी तो छापील कागद, कात्री आणि डिंक यांतून उभारायचा झाल्यास पहिला प्रश्न येतो प्रमाणाचा.

२/ चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती घडू लागल्या. वेढ्याचा आणि बचावाचा विचार दूर बसून करता यावा, हा हेतू, प्रमाण १:६००. त्या मापाने अवचितगडाचा डोंगर अर्धा मीटर भरतो, पण माणूस जेमतेम तीन मिलिमीटरांचा.

३/ खेळातला सैनिक बहुधा २८ मिलिमीटरांचा, म्हणजे प्रमाण साधारण १:६०. त्या मापाने डोंगर पाच मीटर उंच होईल! म्हणून पटावर अवघा गड येत नाही. येतो एखादा बुरूज किंवा तलाव.

४/ गडावरील तलाव द्वादशकोनी आहे. कागदावर त्याची होते एकच पट्टी : बारा बाजू, त्यांच्या मधल्या अकरा घड्या आणि टोकाला डिंकासाठी एक कड.

५/ बुरुजावरील शके १७१८ चा (इ. स. १७९६) शिलालेख छापता येतो. पण ढासळलेल्या तटाचे काय? दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यात अंदाज खपून जातो. कागदाला मात्र प्रत्येक कडेचे नेमके माप लागते, आणि माप छापले की तर्कही पुरावा भासू लागतो.

६/ यावर उपाय साधा आहे. टिकलेले बांधकाम दगडी रंगात छापावे. तर्काने भरलेला भाग पांढराच ठेवावा. त्याने खेळ अडत नाही, आणि गडाच्या नावावर खोटी भिंतही चढत नाही.