फोर्डचा गिअर आणि दोन कोटी तीस लाख स्टिकर

३० डिसेंबर १९८० रोजी, म्हणजे कार्टर सरकारचे जेमतेम तीन आठवडे उरले असताना, अमेरिकेचे वाहतूकमंत्री नील गोल्डश्मिट यांच्या खात्याने फोर्ड मोटर कंपनीशी तडजोड केली. कंपनीने सुमारे २ कोटी ३० लाख गाडीमालकांना टपालाने एक स्टिकर पाठवायचा. त्यावर सूचना अशी, की खाली उतरण्याआधी गिअर नीट पार्कमध्ये टाका, पार्किंग ब्रेक पूर्ण लावा, इंजिन बंद करा. मालकाने तो डॅशबोर्डवर चिकटवायचा. बदल्यात गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याची सक्ती टळली.

तक्रार साधी होती आणि भयंकरही. ऑटोमॅटिक पिकअपचा चालक गिअरचा दांडा ‘पी’वर नेतो आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरतो. शेताचे फाटक उघडायचे असते, मागच्या हौद्यातून काही काढायचे असते. काही क्षणांनी गाडी आपोआप रिव्हर्समध्ये जाते आणि मागे धावते. मागे तोच उभा असतो, नाहीतर त्याचे मूल. १९६६ पासून बनलेल्या फोर्डच्या कार आणि हलके ट्रक या वादात होते. १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी एफ मालिकेची पिकअपही त्यांत आली. महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे आलेल्या तक्रारींत सुमारे ६,००० अपघात, १,७१० जखमी आणि ९८ मृत्यू नोंदले गेले होते.

आतले यंत्र समजून घेतले तर वाद कळतो. दांड्याच्या तळाशी खाचा असलेली एक पट्टी असते आणि प्रत्येक गिअरच्या खाचेत एक छोटा रोलर बसतो. पार्कच्या खाचेत तो पूर्ण बसला, तरच एक पोलादी खिटी गिअरबॉक्सच्या दात्यांत अडकते आणि चाके जखडतात. पण रोलर पार्क आणि रिव्हर्स यांच्यामधल्या उंचवट्यावर अडकला, तर दांडा ‘पी’वर असल्यासारखा वाटतो आणि गाडीही हलत नाही. प्रत्यक्षात खिटी अडकलेली नसते. इंजिनची थरथर किंवा दाराचा एक धक्का पुरतो, रोलर रिव्हर्सकडे घसरतो, तेलाचा दाब चढतो आणि चालू इंजिनचा जोर चाकांवर येतो.

एक विरोधाभास इथे सांगायलाच हवा. सुरुवातीच्या हायड्रामॅटिकमध्ये (१९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेला गिअरबॉक्स) रिव्हर्स लो गिअरच्या शेजारी होता आणि त्यामुळेही घोटाळे होत. म्हणून १९६८ पासून लागू झालेल्या संघीय मानकाने क्रम ठरवून दिला. पुढे जाणारे गिअर आणि रिव्हर्स यांच्यात न्यूट्रल हवा, आणि पार्क असेल तर तो टोकाला, रिव्हर्सला लागून. फोर्डचा क्रम आधीपासून असाच होता. म्हणजे पार्कशेजारी रिव्हर्स ठेवणे ही एकट्या फोर्डची चूक नव्हती. प्रश्न होता तो दोन खाचांमधला उंचवटा किती निसरडा ठेवायचा याचा.

कंपनीचा बचाव ठरलेला होता, चालकाने दांडा नीट टाकला नाही. ते खोटे नाही. पण माणूस घाईत असतो, थकलेला असतो, आणि हे घर बांधणाऱ्याइतकेच गाडी बनवणाऱ्यालाही ठाऊक असायला हवे.

मग सरकार का नमले? १९८० मध्ये फोर्डला सुमारे दीड अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला क्रायस्लरला वाचवण्यासाठी सरकारला कर्जहमी द्यावी लागली होती. पिंटो गाडीच्या पेट्रोल टाकीचे प्रकरण ताजे होते. इंडियानात कंपनीवर फौजदारी खटला चालला आणि मार्च १९८० मध्ये ती निर्दोष सुटली. अशा वेळी दोन कोटींवर गाड्या परत बोलावणे म्हणजे डेट्रॉइटच्या कामगारांच्या पोटावर पाय, असे म्हणणे सोपे होते. माझ्या मते हिशेब कंपनीच्या बाजूने मांडला गेला. ग्राहकांच्या बाजूने सेंटर फॉर ऑटो सेफ्टी ही संस्था न्यायालयात गेली, पण तडजोड मोडली नाही.

टपाल त्या दिवशीच्या मालकाच्या नावाने गेले. पिकअप मात्र तीन-चार हातांतून फिरते, डॅशबोर्ड उन्हाने तडकतो, कागद गळून पडतो. सी-६ हा गिअरबॉक्स फोर्डच्या पिकअपमध्ये १९९० च्या दशकापर्यंत बसत राहिला. त्या काळातली जुनी गाडी आजही शेतावर चालवणाऱ्याने दांड्याच्या जोडणीतले झिजलेले बुश आधी बदलावेत, जोडणीचे माप पार्कच्या खाचेशी जुळवावे, आणि पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक खरोखर धरतो का ते उतारावर पाहावे. तोवर उतरताना किल्ली फिरवून इंजिन बंद करावे आणि चाकाखाली दगड ठेवावा.